निळ्या पाखरांचं कापड

घरी आलेलं माणूस पाणी पिऊन जरा टेकलं की थोरली उठायची आणि म्हणायची, "चला, तुम्हाला एक गंमत दाखवते." मग मधल्या खोलीत नेऊन दिवा लावायची. समोर भिंतभर काचेचं कपाट आणि त्यात कापडच कापड. प्रत्येक कापड घडीवर घडी घालून पुठ्ठ्यावर बसवलेलं, कडेला कड लावून ठेवलेलं, वरच्या फळीवर पांढरं आणि उतरत उतरत तळाला काळं. ठिपक्यांचं, चौकड्यांचं, पानाफुलांचं. बघणारा "बापरे!" म्हणायचा. तो शब्द कानावर पडला की थोरलीचं पोट भरायचं. पुढे कुणी विचारलंच, "आणि याचं करता काय हो?" तर दिवा बंद करायची वेळ झालेली असायची.

सव्वीस वर्षं तिनं चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळला. शनिवारी दुकान अर्धा दिवस, आणि समोरच कापडाचं दुकान. कधी अर्धा मीटर, कधी एक, फारच जीव जडला तर अडीच. घ्यायची ते चांगल्या कामासाठी. पण चांगलं काम काही येईना. जी गोधडी शिवायला घ्यावी तिच्या मानाने कपाटातलं कापड फारच उंची वाटायचं. मग ती खालच्या खणातलं जेमतेम कापड काढायची आणि गोधडी जेमतेम व्हायची. टाके बारीक, कोपरे काटकोनात, चष्म्याची काच बसवावी तसे तुकडे बसवलेले. बघणारा "छान आहे" म्हणायचा आणि पुढे सरकायचा.

पुढे सरकायचा तो नेमका धाकटीच्या गोधडीपाशी जाऊन थांबायचा. थोरलीचं दुखणं काय ते एवढंच होतं, पण तेवीस वर्षांचं होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. दोन गल्ल्या सोडून राहायची. कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून पँटी आखूड करायची, चेन बदलायची, झिजलेल्या कॉलरी उलटवायची. कापून उरलेलं गिऱ्हाईक नेत नाही, ते ती घरी आणायची. तिचा सगळा साठा म्हणजे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आणि एक उशीचा अभ्रा. कपडे दुरुस्तीला टाकलेल्या माणसांच्या पायांचे, बाह्यांचे, पोटांचे तुकडे. ते एकमेकांशेजारी लावून ही बाई असं काही करायची की लोक बोलता बोलता गप्प व्हायचे.

थोरली चष्मा लावून दोष काढायची. "हा कोपरा पळालाय गं."

"हो ना ताई, पळाला," धाकटी हसायची आणि कोपरा तसाच ठेवायची. चार दिवसांनी बघावं तर तो कोपरा तिथेच असायला हवा होता असं वाटायचं.

दर बुधवारी तीन वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोधडीवाल्यांचं मंडळ बसायचं. नऊ बाया आणि एक निवृत्त बस ड्रायव्हर. ड्रायव्हरकाकांचा धावदोरा सगळ्यांत सरळ जायचा. "रस्ता सोडायची सवय नाही," ते म्हणायचे. मंडळ चालवायच्या मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांच्या आवाजातून खडू गेला नव्हता.

वर्षाच्या पहिल्याच बुधवारी त्यांनी टेबलावर टिचकी मारली. "यंदा नवीन कापड आणायचं नाही. कुणीच नाही. घरात आहे ते संपवायचं. दोरा आणि आतला कापूस विकत आणलात तर चालेल. कापड नाही म्हणजे नाही."

खोलीत कुणाचं तरी कुणी गेल्यासारखी शांतता पसरली.

"भेट म्हणून आलं तर?" बेकरीवालीनं विचारलं.

"कोण देणारे तुम्हाला भेट?"

"आमचे हे देतील. मी सांगितलं तर."

"सांगायचं नाही."

"बाई, पडद्याचं कापड घेतलं आणि पडदा शिवायचा राहिला, तर?" ड्रायव्हरकाकांनी हळूच विचारलं.

"काका, तुमच्या घराला किती खिडक्या आहेत ते मला माहितीये."

हसणं ओसरलं तेव्हा थोरली बोलली. तिच्या अंगात त्या दिवशी एक वेगळाच उत्साह होता. "नुसतं म्हणून भागणार नाही. दंड हवा. जो मोडेल त्यानं आपला साठा उघडायचा आणि प्रत्येकाला एकेक कापड द्यायचं. आपल्या पसंतीचं नव्हे, घेणाऱ्याच्या पसंतीचं."

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं, "हिनं तर पार गळ्याशी आणलं."

सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या आणि कागद भिंतीवर टाचला. थोरली घरी चालत गेली ती तरंगतच. तिला दंडाची भीती कसली? तिच्या कपाटात दहा वर्षं पुरेल एवढं होतं. आणि धाकटीकडे? दोन डबे. चिंध्यांमधून गोधडीचा वरचा भाग होईल, मान्य. पण पाठीला काय लावणार? पाठीला अखंड कापड लागतं. दरवेळी धाकटी तेवढं विकत आणायची, अगदी साधं, एकरंगी. यंदा तेही नाही. यंदा तिला कुणाकडे तरी मागावं लागणार. आणि एवढं कापड दुसऱ्या कुणाकडे आहे? थोरलीनं मनात तो प्रसंग रंगवून पाहिला. धाकटी दारात उभी, "ताई, एक विचारू का?" आणि आपण, "बघते हं, काय सापडतंय." लगेच द्यायचं नाही. दोन दिवस तरी लावायचे.

महिना गेला, दोन गेले. धाकटी काही मागायला आली नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मुलगी आली. थोरलीची एकुलती एक, एकोणतीस वर्षांची, पाच महिन्यांची पोटुशी. खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि सहज बोलून गेली, "काकूला सांगितलंय हं मी बाळाच्या गोधडीचं. दवाखान्यातून घरी येताना त्यातच गुंडाळून आणायचं."

थोरलीच्या हातात चहाचा कप होता. तिनं तो बशीत ठेवला. "काकूला? आणि मी काय मेले?"

"आई, असं काय बोलतेस! तुझ्याकडून कापड घ्यायचं म्हणून तर तुला सांगतेय. काकूकडे पाठीला काही नाही."

"तिनं मागितलंय?"

"छे. ती कसली मागतेय. मीच म्हणतेय."

म्हणजे गोधडी तिची, आणि आपण कापडवाल्या. थोरलीला वाटलं, आपल्या पोरीनं आपल्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं. ती म्हणाली, "गोधडी मी शिवणार. निळ्या पाखरांच्या कापडाची."

मुलगी पाय खाली सोडून बसली. निळ्या पाखरांचं कापड तिला माहीत होतं. ती आठ वर्षांची असताना आणलेलं, अडीच मीटर, फिकट निळ्यावर गर्द निळी पाखरं, पिवळ्या चोचींची. त्याचा फ्रॉक शिव म्हणून तिनं जमिनीवर लोळण घेतली होती. तेव्हा थोरली म्हणाली होती, फ्रॉक काय, दोन महिन्यांत आखूड होतो, हे चांगल्या कामाला ठेवू. मग पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, चांगलं काम म्हणावं असं बरंच काही होऊन गेलं. पाखरं आपली काचेआड तिसऱ्या फळीवर बसून राहिली.

"तू ते कापणार?" मुलगी म्हणाली. "आई, तू ते कापणार नाहीस."

"कापते की नाही बघ."

"बरं. दोघी शिवा. पण बॅगेत एकच मावते. मी बघेन आणि मला हवी ती घेईन. मग रुसायचं नाही."

आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "कपाट उघडणार म्हणतेस? मुलीला बाळ होणार हे मला आज खरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं मोठं टेबल पुसलं, कात्रीला धार लावून आणली आणि कपाटातून ते कापड काढलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं पहिली घडी उलगडली. मग दुसरी. मग तिसरी. आणि हात थांबला.

प्रत्येक घडीवर चार बोटं रुंद पांढरट पट्टा पडला होता. खिडकीतला उजेड काचेतून रोज तेवढ्याच भागावर पडत राहिला होता, आणि तिथली पाखरं उडून गेली होती. नीट पाहिलं तर पंखांच्या जागी नुसती सावली, चोच तर कुठेच नाही.

हे होतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. मास्तरीणबाई दरवर्षी कंठशोष करून सांगायच्या, कापड वर्षातून एकदा मोडा, वेगळ्या जागी घडी घाला, नाहीतर रेघ पडेल आणि ती मरेपर्यंत जाणार नाही. थोरली मान डोलवायची. पण तिची रचना इतकी सुंदर लागली होती की ती मोडायला जिवावर यायचं. गोधडीवाल्यांमध्ये अशी चूक तोच करतो ज्याच्याकडे कापड फार आणि काम थोडं. बाकीच्यांचं घडी पडायच्या आत संपतं.

तिनं पुढच्या घड्या पाहिल्याच नाहीत. कापड गुंडाळलं आणि पलंगाखाली ढकललं. खुर्चीवर बसली. डोळ्यांसमोर धाकटी आली, तिच्या त्या दोन डब्यांसकट, आणि तिचा इतका राग आला की जणू तिनंच फुंकर मारून पाखरं उडवली होती.

गुरुवारी थोरली बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. चौथ्या दुकानात तिला तीच पाखरं सापडली.

"जुन्या नक्ष्या पुन्हा काढल्यात कंपनीनं," दुकानदार म्हणाला. "लोकांना आठवणी येतात ना. किती देऊ?"

"दोन मीटर. आणि जरा लवकर."

पिशवीत तळाला कापड, वर पाव. घरी आल्यावर तिनं ते तीनदा धुतलं, कोरेपणाचा कडकपणा जाईपर्यंत. न्हाणीघरात दार लावून वाळवलं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा सांगितलं, जुनं कापड आहे, वास येत होता. मग सहा आठवडे मान वर न करता ती शिवत राहिली. एक गंमत मात्र झाली: नवीन कापड कापताना तिची कात्री एकदाही अडली नाही. ते तिचं नव्हतंच.

मे महिन्यातल्या बुधवारी तिनं गोधडी मंडळात टेबलावर पसरली. आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्या कामापाशी थांबले.

"हेच का ते पाखरांचं कापड?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "इतकी वर्षं ठेवलेलं?"

"एकवीस," थोरली म्हणाली.

"काय जपलंय!" बेकरीवाली म्हणाली. "आमच्याकडे एकवीस वर्षांचं माणूससुद्धा इतकं टवटवीत नाही."

सगळे हसत असताना धाकटी पुढे आली. तिनं तळहात गोधडीवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. मग एक कोपरा उचलून खिडकीकडे धरला, तिरपा केला, पुन्हा सरळ केला. ती काय शोधत होती ते थोरलीला बरोब्बर कळलं. ती रेघ शोधत होती. काचेबाहेरून तेवीस वर्षं तिनं ते कपाट पाहिलं होतं. कुठली घडी कुठे पांढरी पडलीय हे तिच्या नजरेतून कसं सुटलं असेल?

थोरलीनं मान वर केली. भिंतीवर टाचलेला कागद समोरच होता. दंड तिचाच. नऊ माणसं तिच्या कपाटात हात घालणार.

धाकटीनं कोपरा खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच.

"ताई घडी मोडून ठेवत असणार दरवर्षी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आपल्याला सांगतात का कधी!"

"शिका, शिका काहीतरी," मास्तरीणबाई बाकीच्यांना म्हणाल्या.

सुटल्याचा श्वास थोरलीनं घेतला, आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत तिला समजलं की आपण सुटलेलो नाही. आता हात चांगला तो धाकटीचा, नजर चांगली ती तिची, आणि वर मनाचा मोठेपणाही तिनंच घेतला. आपल्यासाठी काय ठेवलं? त्या दिवशी चहाच्या वेळी धाकटीनं तिच्यासमोर बिस्किटांची बशी सरकवली तर थोरलीनं घेतलं नाही. पुढचे तीन बुधवार ती डोकं दुखतंय सांगून गेलीच नाही.

जूनच्या शेवटी मुलगी दोन्ही गोधड्या बघायला आली. पोट आता इतकं मोठं झालं होतं की तिला खुर्चीतून उठायला हात द्यावा लागायचा. थोरलीनं आपली गोधडी पलंगावर पसरली. मुलीनं तिच्यावरून हात फिरवला, वाकून गाल लावला. "कापलंस की गं खरंच!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीनं खिडकीबाहेर पाहिलं.

तेवढ्यात धाकटी आली, काखेत गुंडाळी, हातात पिशवी. "माझी अर्धीच आहे हं. पाठीला अजून काही मिळालं नाही. घरातली जुनी चादर लावीन म्हणतेय." तिनं गुंडाळी सोडली आणि ती दुसऱ्या गोधडीशेजारी पसरली.

करड्या, तपकिरी, काळपट तुकड्यांच्या रांगा. पँटींचे पाय, शर्टांची पोटं. एका बाजूला थोरलीच्या नवऱ्याचा रेघांचा शर्ट, ज्याची कॉलर दोनदा उलटवली होती. एका बाजूला पोरीच्या शाळेच्या गणवेशाचा निळसर तुकडा. ढगाळ दिवसासारखी सगळी गोधडी, आणि मधोमध एका पांढऱ्या चौकोनावर शिवलेलं एकच गर्द निळं पाखरू. पिवळ्या चोचीचं.

थोरली बघतच राहिली. "हे... हे कुठून आलं?"

मुलगी हसायला लागली. हसता हसता पोट धरून पलंगावर बसली. "काकू, तू ठेवलं होतंस! अजून?"

"कुठे जाणार होतं? डब्यात होतं."

"आई, आता सांगायला हरकत नाही. तू फ्रॉक शिवला नाहीस ना, तेव्हा मी शाळेची कात्री घेतली आणि कापडाच्या आतल्या टोकाचं एक पाखरू कापून घेतलं. आणि मग अशी घाबरले! काकूकडे पळत गेले रडत. ती म्हणाली, दे माझ्याकडे, आईनं विचारलं की आपण ते परत शिवून देऊ. मी कितीतरी दिवस वाट पाहिली, तू आता ओरडशील, मग ओरडशील. तू विचारलंसच नाही!" मग तिचं हसू जरा थांबलं. "पण आता शिवताना दिसलं असेल ना तुला? शेवटच्या घडीत, एवढं भोक?"

थोरलीनं ते पाखरू पुन्हा पाहिलं.

एकवीस वर्षं. एकवीस वर्षं आपली पोर घाबरली की कुणाकडे पळत होती, ते त्या डब्यात झाकण लावून ठेवलेलं होतं.

"ताईंनी चुकवून कापलं असेल," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "भोक काय, सहज चुकवता येतं. टोकालाच तर होतं."

पुन्हा. पुन्हा हीच धावून आली. खरं बोलायची हौस थोरलीला कधीच नव्हती, आजही नव्हती. पण या बाईकडून दुसऱ्यांदा वाचवून घ्यायचं? त्यापेक्षा तोंड काळं झालेलं परवडलं. ती पलंगापाशी गुडघ्यांवर बसली, हात घालून पुठ्ठा ओढून काढला आणि सगळं कापड एका झटक्यात जमिनीवर उलगडलं. पट्टे, पट्टे, पट्टे. आणि अगदी शेवटी, आतल्या टोकाला, वाकड्यातिकड्या कडांचं एक पाखराएवढं भोक.

"हे बघ. हे तुझं कापड," ती मुलीला म्हणाली. "मी कापलंच नाही. पाखरं उडून गेली होती म्हणून तेच नवीन आणलं, बस बदलून. तीनदा धुतलं. आणि हिला हे पहिल्याच दिवशी कळलंय, विचार हवं तर. साव आहे ना ती!"

"ताई, मी कुठे काही..."

"तू गप्प बस. तू काही बोलत नाहीस हेच तर आहे!"

मुलगी खाली पसरलेल्या कापडाकडे बघत होती. ती म्हणाली, "मला तेव्हा त्याचा फ्रॉक हवा होता, आई. दोन महिन्यांत आखूड झाला असता तरी चाललं असतं."

थोरलीचं लक्ष मुलीच्या हाताकडे गेलं. हात धाकटीच्या गोधडीवर होता आणि अंगठा त्या एकुलत्या पाखरावरून फिरत होता. बॅगेत कुठली जाणार ते ठरून गेलं होतं. विचारायचीही गरज नव्हती.

मग तिच्या मनात एक विचार आला, आणि तो फार उदार वगैरे नव्हता. जाणारच असेल तर निदान अर्धी तरी आपली जाऊ दे.

"जुनी चादर कसली लावतेस माझ्या नातवंडाला," ती धाकटीला म्हणाली. "हे घे पाठीला."

धाकटीनं कापड उचललं, पांढऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. तिचा चेहरा असा उजळला की थोरलीला ते परत घ्यावंसं वाटलं. "किती मऊ झालंय हो ताई! नवीन कधी इतकं मऊ नसतं. आणि ही रेघ... पहाट झाल्यासारखी दिसेल." तिनं कात्रीकडे हात नेला.

"कात्री इकडे दे. माझं कापड मी कापणार."

टेबलावर कापड अंथरलं. थोरलीनं माप घेतलं, पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मुलगी म्हणाली, "राहू दे गं, काकू कापेल," आणि त्या वाक्यासरशी कात्री चालली. कर्र, कर्र, कडेपर्यंत. एवढंच असतं होय, असं थोरलीला वाटलं.

भोक मात्र वाटेत येत होतं. सगळ्यांत कमी विटलेला एवढा मोठा तुकडा आतल्या टोकालाच निघत होता, आणि भोकही तिथंच. थोरलीनं कात्री खाली ठेवली. मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "तुझ्या डब्यातलं काहीतरी दे. ठिगळ लावते."

वर्षाच्या सुरुवातीपासून जे वाक्य ऐकायची ती वाट पाहत होती, ते तिच्याच तोंडून निघालं होतं.

धाकटीनं पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला. थोरलीनं त्यात हात घातला. तुकडे, तुकडे, कुणाचा कोट, कुणाची विजार. सगळे धुतलेले, वापरलेले, माणसांचे. आपल्या कपाटातल्या एकाही कापडाला अजून कुणाचा घाम लागलेला नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला त्या डब्याचाही हेवा वाटला. तेवढ्यात बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं. फिकट हिरवं, जाडसर.

"हा माझा दुकानातला कोट!"

"आखूड करायला दिला होतात ना. दोन इंच उरला होता."

"विचारलं पण नाहीस."

"तुम्ही विचारलंत का कधी, दोन इंच कुठे गेले म्हणून?"

मुलगी फिसकन हसली. थोरलीला हसायचं नव्हतं, पण तिनं तो हिरवा तुकडा बाजूला काढून ठेवला. भोकावर तोच लावला, स्वतःच्या हातानं, इतक्या बारीक टाक्यांनी की शोधून सापडू नयेत.

पुढच्या बुधवारी मंडळात तिनं उभं राहून सांगून टाकलं. धाकटीनं आदल्या दिवशी दारात येऊन "कशाला सांगताय ताई" म्हटलं होतं. त्याच कारणासाठी सांगितलं. दंडवसुलीला सगळे घरी आले. ड्रायव्हरकाकांनी पिवळ्या चौकड्या घेतल्या, बेकरीवालीनं अर्धा तास लावून सगळ्यांत उंची फुलं. मास्तरीणबाई प्रत्येक कापड उलगडून रेघ बघत होत्या आणि प्रत्येक रेघेला "सांगितलं होतं, सांगितलं होतं" म्हणत होत्या. धाकटीनं काही घेतलं नाही. "माझं मला मिळालं," म्हणाली. यावरही थोरलीला राग आला, पण कपाटात आता भोकं पडली होती आणि ती बुजवण्याच्या नादात तो फार टिकला नाही. उरलेली कापडं तिनं नव्यानं लावली. सगळी उलट्या घडीनं.

बाळ घरी आलं त्या दिवशी दोघी जावा दारातच उभ्या होत्या. मुलगी गाडीतून उतरली, हातात गुंडाळी. करडी, तपकिरी बाजू बाहेर, छातीवर निळं पाखरू. शेजारीण म्हणाली, "काय सुंदर गोधडी! कुणी केली?"

"काकूनं," मुलगी म्हणाली. मग आईकडे बघून, "आणि आईनं. पाठ आईची आहे."

पाठ! थोरलीनं पुढे होऊन बाळ घेतलं. "इकडे दे, मान नीट नाही धरलेली." आतल्या खोलीत नेऊन तिनं बाळ पलंगावर ठेवलं, गोधडी सोडली, मागं वळून पाहिलं, आणि उलटी करून पुन्हा गुंडाळलं. आता पाखरांचा थवा बाहेर, मधोमध तो पांढरट पट्टा, आणि एका कोपऱ्यात हिरवं ठिगळ.

दारात धाकटी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. नेहमीप्रमाणे ती काहीच बोलणार नाही, असं थोरलीला वाटलं आणि तिनं दात आवळले.

"ताई," धाकटी म्हणाली, "हे बरं केलंत हं तुम्ही! चार महिने राबले मी, आणि माझी बाजू आत?"

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. धाकटीचं नाक लाल झालं होतं. खरोखरीचा राग होता तो, घरच्या माणसावरचा, हिशेबातला नव्हे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

"आत ऊब जास्त लागते," थोरली म्हणाली आणि बाळ तिच्याकडे द्यायच्या आधी जरा जास्तच वेळ आपल्याजवळ धरून ठेवलं.